पंचावन्नला येणारा घूं

ओव्हरसीयरकाका सकाळी ओट्यावर दात घासता घासता डावा तळवा भिंतीला टेकवायचे, डोळे मिटायचे आणि तोंडात फेस तसाच ठेवून सांगायचे, "पलीकडच्या गिरणीचं बेअरिंग गेलं." खरं सांगते! पिठाची गिरणी एक अख्खी गल्ली ओलांडून होती. आणि थोड्या दिवसांनी तिच्या दारावर पाटी लागायचीच, गिरणी बंद आहे.

आम्ही त्यांचे भाडेकरू. मी आणि माझी आई, वरच्या दोन खोल्या. ऐंशी-ब्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. नाशिकला पुणे रोडच्या आतल्या बाजूला आमची कॉलनी तेव्हा नुकती वसत होती, निम्म्या प्लॉटांवर अजून बाभळी होत्या. मला एका कारखान्यात टायपिस्टची नोकरी लागली होती आणि सरावासाठी मी एक जुनाट टाइपरायटर घरी आणला होता. पहिल्याच आठवड्यात खालून हाक आली.

"पोरी, तुझी उजवी करंगळी कमी पडतीय."

मी जिन्यातून वाकून म्हटलं, "काका, तुम्हाला खाली बसून कसं कळलं?"

"छतातून येतं ना. सगळी बोटं नीट चालतात, एकच लंगडतं."

आई म्हणाली, माणूस वेडा आहे, पण नळाला पाणी भरपूर आहे, राहू या.

वेडे होतेच. पाटबंधारे खात्यातून ओव्हरसीयर म्हणून रिटायर झालेले. उंच, वाळके, कायम पांढरा शर्ट, आणि खिशात पितळेचा ओळंबा, गवंडी भिंत सरळ आहे का बघायला दोरीला सोडतात तो. घरातली बुद्धाची तसबीरसुद्धा ओळंबा धरून लावलेली. छताचा पंखा डुलतो म्हणून भर मे महिन्यात बंद, आणि त्याखाली त्यांची बायको, आम्ही सगळे तिला आक्का म्हणायचो, लोखंडी पलंगावर पडून पुठ्ठ्यानं वारा घेतेय. मी म्हटलं, "आक्का, लावा ना पंखा." तर ती म्हणाली, "यांची परवानगी नाही. पंख्याला बरं नाही."

आणि त्यांचा तो प्रश्न! कुणीही काहीही तक्रार केली की काका दोनच गोष्टी विचारायचे. कधीपासून? आणि त्याच्या आधी काय बदललं होतं? आई म्हणाली, आजकाल दूध नासतंय. "कधीपासून? त्याआधी काय बदललं?" मला ताप आला. "कधीपासून? त्याआधी काय बदललं?" एकदा शेजारच्या बाईंनी रडत सांगितलं की मुलगा बोलत नाही माझ्याशी, तर तिलाही तेच, अगदी मायेनं. ती बाई म्हणाली, "सून आली." काका म्हणाले, "मग झालं तर. सापडलं." म्हणजे सापडलं की त्यांच्या दृष्टीनं संपलंच! पुढं काय करायचं ते ज्याचं त्यानं बघावं.

पण खरी गोष्ट जीपची आहे. मी उगाच इकडं तिकडं फिरतेय.

आक्काची माय सटाण्याला होती. खूप म्हातारी, अंथरुणाला खिळलेली, डोळे गेलेले. तिच्या घरातून कुणीही आलं की सांगायचं, दार वाजलं की म्हातारी विचारते, "मनी पोर उनी का?" माझी लेक आली का? आणि लेक इकडं नाशिकला पलंगावर. आक्काचा मणका दुखावलेला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं की धक्का बसता कामा नये, त्यामुळं एसटीचं नावच नको. म्हणून काकांनी जीप घेतली. खात्यातली जुनी जीप लिलावात निघाली ती. पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं टाकलं, कारण तेव्हा सगळेच टाकत होते. आणि इथून सगळं सुरू झालं.

डिझेलचं इंजिन सावकाश फिरतं. जोर जास्त, पण फेरे कमी. मग नुसतं इंजिन बदलून भागत नाही, मागच्या ॲक्सलच्या गोळ्यात दातांची एक जोडी असते, क्राउन-पिनियन, तिचं प्रमाणही बदलावं लागतं, नाहीतर गाडी नुसती ओरडते, पळत नाही. हे सगळं मला तेव्हा कुठं माहीत होतं! काकांनी जिन्यात बसवून शिकवलं. द्वारका चौकाजवळच्या गॅरेजमधल्या उस्तादनं ती जोडी शोधत बसण्यापेक्षा एका भंगारातल्या गाडीचा अख्खा मागचा ॲक्सलच आणला, स्प्रिंगांवर चढवला, नट आवळले आणि चहा मागवला.

जीप मस्त पळायला लागली. फक्त वेगाचा काटा पंचावन्नवर गेला की खालून घूं यायचा.

घूं म्हणजे आवाज म्हणावा तर आवाज नाही. तळव्यांना यायचा, दाढेला यायचा. काकांनी पहिल्याच दिवशी गाडी वळवली आणि उस्तादच्या दारात नेऊन उभी केली. उस्ताद एक चक्कर मारून आला.

"साब, गाडी है, पालना नहीं है."

काका शांतपणे म्हणाले, "माझ्यासाठी पाळणाच आहे."

आणि तेव्हापासून माझी नेमणूक झाली! दर रविवारी सकाळी मी त्यांच्या शेजारी, म्हणजे आक्का जिथं बसणार होती त्या सीटवर, बसायचे. आग्रा रोडनं ओझरच्या बाजूला सरळ रस्ता लागतो तिथं जायचं. समोर फळीवर स्टीलचा ग्लास, काठोकाठ पाणी भरलेला. काका वेग वाढवणार, मी पाण्याकडं बघणार. पन्नासपर्यंत पाणी गप्प. पंचावन्नला त्याच्यावर बारीक बारीक गोल उठायचे, एकात एक, आणि मी ओरडायचे, "आलं!" साठला पाणी काठावरून ओघळायचं. माझ्या कितीतरी साड्या भिजल्या त्यात.

मागं कुणाला बसू द्यायचे नाहीत. एकदा गल्लीतली पोरं चढली, तर सगळ्यांना उतरवलं. "गर्दी नको. चार माणसं बसली की चार आवाज वाढतात." मागची जीप कायम रिकामी.

मग एकेकाची चौकशी. पंचावन्नला असताना गाडी न्यूट्रल करायची, इंजिन आपलं सावकाश फिरत राहणार. घूं तसाच. म्हणजे इंजिनाचा हात नाही. घरी आल्यावर काकांनी खडू घेतला आणि बॉनेटवर लिहिलं, निर्दोष. मला इतकं हसू आलं! पुढच्या रविवारी चाकं पुढची मागं, मागची पुढं. घूं तसाच. चारही टायरांवर खडूनं, निर्दोष. मग इंजिनाकडून मागच्या ॲक्सलकडं जाणारा लोखंडी दांडा, प्रोपेलर शाफ्ट. मागची चाकं अधांतरी करून तो फिरवला आणि जवळ खडू धरला, जिथं खडू लागला ती जड बाजू. समोरच्या बाजूला लोखंडी पट्टी आवळून वजन दिलं. आठवडाभर आम्हाला वाटलं झालं. रविवारी घूं तसाच. दांडा निर्दोष. त्या दांड्याच्या दोन्ही टोकांना सांधे असतात, क्रॉस म्हणतात त्यांना, आपल्या मनगटासारखे. ते नवे घातले. जुने ओट्यावर मांडून ठेवले, दोघांवर निर्दोष.

आक्का पलंगावरून खिडकीतून हे सगळं बघायची. एक दिवस तिनं विचारलं, "सगळे निर्दोष, मंग गुन्हेगार कोन शे? मी?"

ती माहेरची बोली फक्त टोचायचं असेल तेव्हा काढायची.

काका म्हणाले, "थोडं थांब."

"माले सटाणाले जानं शे. उडत नही जानं."

काका परत गाडीखाली गेले.

मी मध्ये पडले. तोंड गप्प राहत नाही ना माझं! म्हटलं, "काका, चाळीसनं जाऊ या की. चाळीसला काहीच येत नाही. थोडा उशीर होईल, काय बिघडलं?"

गाडीखालून आवाज आला. "येत नाही असं नाही. आपल्याला कळत नाही. चाळीसलाही ते आहेच."

"पण ग्लासातलं पाणी…"

"पाण्याला पण नाही कळत कधी कधी."

मला राग आला. चक्रम माणूस, असं पुटपुटत मी आक्काकडं गेले. तिचे केस मी विंचरायचे कधी कधी, तिला हात वर करता यायचा नाही. त्या दिवशी केस विंचरताना तिनं सांगितलं. अगदी भाजी निवडताना बोलावं तसं.

"माझा मणका याच जीपमध्ये गेला ना. तुला माहीत नाही? हरसूलच्या बाजूला यांचा कॅम्प होता, मला डोंगर दाखवायला नेलं होतं. ड्रायव्हरला सुट्टी देऊन हेच चालवत होते. मी म्हटलं, अहो, खालून काहीतरी घूं करतंय. म्हणाले, रस्ताच तसा आहे. मग उतारावर तो खालचा दांडा पुढून तुटला आणि जमिनीत रुतला. जीप उडाली. मी उडाले. हे नाही उडाले, यांनी स्टिअरिंग धरलं होतं."

मी कंगवा हातात धरून तशीच बसले.

"तीच जीप घेतली त्यांनी?"

"तीच. नंबरावरून शोधली लिलावात." मग म्हणाली, "मी कधी एका शब्दानं बोलले नाही त्यांना. बोलायला हवं होतं बहुतेक. बोलले असते तर इतकं धरून बसले नसते."

त्यानंतर मी रविवारी मुकाट्यानं जायला लागले. पावसाळा संपला, ओझरच्या द्राक्षबागा छाटून झाल्या, पानं फुटली, तरी आम्ही आपले ग्लासात बघतोय.

आक्काचा धाकटा भाऊ कांद्याचा व्यापार करायचा. थंडीच्या सुरुवातीला एक दिवस तो सटाण्याहून भाड्याची ॲम्बेसेडर घेऊन दारात. बरोबर ड्रायव्हर, मागच्या सीटवर जाड गादी, उशा, सगळी तयारी. आक्काला आधीच निरोप असणार, कारण सकाळपासून ती नवी साडी नेसून पलंगावर बसली होती. पिशवीत मुगाचे मऊ लाडू, मायला दात नव्हते म्हणून. माझ्या आईनंच वळून दिले होते.

"दाजी, गाडी उभी शे. ताईले बसाडा आनि चला," भाऊ म्हणाला.

काका म्हणाले, "थांब जरा."

आणि त्यांनी पोतं अंथरलं, ॲम्बेसेडरच्या खाली गेले. पांढऱ्या शर्टासकट! आम्ही सगळे अंगणात उभे. ड्रायव्हरनं बिडी विझवली. खालून आवाज आला, टक्. परत टक्.

"ऐकलंस? क्रॉसमध्ये खेळ आहे, ढिला झालाय."

"साहेब, रोज मालेगावला जाते ही गाडी," ड्रायव्हर चिडून म्हणाला. "रोज!"

"रोज जाते म्हणून आज जाईल असं नाही."

भाऊ गाडीजवळ उकिडवा बसला, काकांच्या पायांशी बोलत होता तो, कारण बाहेर तेवढेच दिसत होते. "दाजी, माय काय रोज थांबनार शे का? तुमना पाया पडस मी. हळू नेतो. मी सोता पुढं बसतो."

"मी आणतो तिला. माझी गाडी होऊ दे."

"कधी व्हई तुमनी गाडी?"

काका बाहेर आले, शर्टाला ग्रीस लागलेलं, केसांत माती. आक्काकडं न बघता म्हणाले, "एकच राहिलंय. सापडेल या आठवड्यात."

आक्काला पलंगावरून उठवायला दोन माणसं लागायची आणि त्यातला एक हात कायम काकांचा असायचा, पाठीखाली कुठं धरायचं ते त्यांनाच माहीत होतं. तो हात पुढं झाला नाही. आक्कानं थोडा वेळ वाट बघितली, मग पिशवी भावाकडं दिली. गाडी परत गेली. लाडू तेवढे सटाण्याला पोचले.

त्या आठवड्यात सापडलं नाही.

थंडी सरत आली तेव्हा एका सकाळी कोपऱ्यावरचा मेडिकलवाला पळत आला, त्याच्याकडं फोन होता. सटाण्याहून निरोप. माय गेली. दुपारी नेणार, ताईला आणा, वाट बघतोय.

काका उभे होते ते ओट्यावर बसले. मग उठले, जीप पुसली, पुढच्या सीटवर गादी दुमडून घातली, आणि माझ्या आईच्या मदतीनं आक्काला पाठीखाली हात घालून उचलून आणून बसवलं. तेवढ्यात आक्काची बहीण देवळाली गावातून आली, नवरा, दीर आणि तीन पोरं घेऊन. गल्लीतल्या दोन बायका म्हणाल्या, आम्ही पण येतो. आई आणि मी. सगळे मागं चढले. त्या दिवशी कुणाला उतरवायचं सुचलंच नाही काकांना. मागच्या दोन्ही बाकांवर दाटीवाटीनं पांढऱ्या साड्या, मांडीवर पोरं, पायात डबे. मी अगदी पुढच्या बाजूला, काकांच्या पाठीशी.

चाळीसनं निघालो. ओझर गेलं, पिंपळगाव गेलं. ट्रक भोंगे वाजवत पुढं जात होते. शेवटी बहिणीचा नवरा मागून म्हणाला, "भाऊजी, असं गेलो तर माती पण मिळणार नाही."

काकांनी पाय दाबला. पंचेचाळीस. पन्नास. मला सवयीनं दिसतच होतं, काटा कुठं आहे ते. मी सीटच्या मागून हात खाली सोडला आणि तळवा पत्र्याला टेकवला. पंचावन्न.

काहीच नाही.

साठ. काहीच नाही! पत्रा नुसता कोमट, गुळगुळीत. जीप पाण्यावरून चालल्यासारखी चालली होती. काकांनी डावा हात गिअरवरून काढला आणि तळवा खाली लावला. मग आरशात माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. नाही. त्यांनी परत बघितलं. मी परत मान हलवली.

आक्काला ते दिसलं. तिनं विचारलं, "काय व्हयनं?"

"काही नाही."

"तेच इचारस मी. काही का नही?"

भावडबारीचा घाट चढून उतरेपर्यंत काकांचा खालचा ओठ हलत होता, हिशोब करतात तेव्हा हलायचा तसा. मागं पोरं, बायका, डबे, सगळं गच्च. त्यांना कळलं होतं. मला अजून कळलं नव्हतं, म्हणजे नीट नाही.

सटाण्याला अंगणात बाजेवर माय होती. त्रिसरण चालू होतं. काकांनी आणि भावानं मिळून आक्काला उचलून मायशेजारी बसवलं. तिला वाकता येत नव्हतं, तरी वाकली, मायच्या कानाशी तोंड नेलं आणि काहीतरी म्हणाली. काय ते कुणाला ऐकू आलं नाही. भाऊ रडत रडत सांगत होता, काल पण विचारलं तिनं, काल पण, मनी पोर उनी का. काका बाजेच्या पायथ्याशी उभे होते. कुणी त्यांच्याशी बोललं नाही, आणि वाईटही बोललं नाही, तेच जास्त वाईट वाटत होतं.

सगळे तिथंच राहिले, आईसुद्धा, आक्काजवळ बाई माणूस हवं म्हणून. मला दुसऱ्या दिवशी कामावर जायचं होतं, सुट्टी मिळणार नव्हती. संध्याकाळच्या आधी काका आणि मी दोघंच परत निघालो. मागची जीप रिकामी.

देवळा सोडलं, घाट उतरलो, काटा पंचावन्नवर गेला. घूं.

तोच. तळव्यांना, दाढेला. मी "आलं" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

सोग्रस फाट्याच्या अलीकडं काकांनी जीप बाजूला घेतली. उतरले. रस्त्याच्या कडेला खडीकरणासाठी दगडांचा ढीग होता. त्यातला एक दगड उचलून त्यांनी मागं टाकला. मग दुसरा. पांढरा शर्ट, पांढरी पॅंट, प्रेतयात्रेतून आलेला माणूस दगड भरतोय! सायकलवरचा एक जण थांबून बघायला लागला. मी म्हटलं, "काका, काय करताय? काका!" मग मीही उतरले आणि दगड उचलायला लागले, कारण नुसतं बघत उभं राहवेना. स्प्रिंगा खाली बसेपर्यंत भरले.

मग गाडी चालवली. पंचावन्न, साठ. शांत. एकदम शांत.

पुढं जाऊन परत थांबलो, सगळे दगड कडेला उतरवले. चालवली. पंचावन्नला घूं.

काकांनी इंजिन बंद केलं. दोन्ही हात स्टिअरिंगवरच. सांगायला लागले, शिकवायचे तसंच, पण आवाज नव्हता त्यात. त्या भंगारातल्या ॲक्सलचं नाक, म्हणजे दांडा जिथं जोडतात ते टोक, जरा खाली झुकलंय. गाडी मागून रिकामी असली की स्प्रिंगा वर उचलतात, मग दांड्याची दोन मनगटं सारखी वाकत नाहीत, एक जास्त वाकतं. म्हणून घूं. माणसं बसली की स्प्रिंगा दबतात, दोन्ही मनगटं सारखी होतात, घूं जातो.

"ओळंबा लावून मोजला होता मी तो कोन," ते म्हणाले. "पण अंगणात. थोडा फरक दिसला, म्हटलं रिकाम्या गाडीला एवढा असायचाच."

मी पदरानं हातांची धूळ पुसत बसले. जिथं तिथं तोंड चालवणारी मी!

"सगळं बदलून बघितलं. एक तेवढं नाही बघितलं, माणसं बसवून."

मग समोर बघत, "कुठल्याही दिवशी गेलो असतो तरी झालं असतं गं पोरी. गल्लीतली पोरं घेऊन गेलो असतो तरी."

नाशिकपर्यंत काटा पंचावन्नवरच ठेवला त्यांनी. कमी केला नाही. घूं घेऊन आलो आम्ही घरापर्यंत.

मायचा पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर आक्का परत आली. भावानं आणली, त्याच ॲम्बेसेडरमधून, तोच ड्रायव्हर. काका फाटकात उभे होते. मी वरून बघत होते, मला वाटलं आता पोतं आणतील. नाही. त्या गाडीखाली त्यांनी वाकून बघितलं नाही. आक्का उतरली, भावाच्या आणि माझ्या आईच्या हाताला धरून आत गेली. काकांचा हात तिच्या पाठीपर्यंत आला होता, लागला नाही.

त्यानंतर घरात पंखा चालू असायचा. डुलायचा तसाच.

काही दिवसांनी काकांनी लोखंडाच्या दोन पाचरी घासून घासून केल्या, स्प्रिंगा आणि ॲक्सल यांच्यामध्ये बसवल्या. ॲक्सलचं नाक वर आलं. एका रविवारी मला हाक मारली. बऱ्याच दिवसांनी. मी ग्लास भरला, काठोकाठ, आणि आम्ही ओझरच्या रस्त्यावर गेलो, मागची जीप रिकामी. पंचावन्नला पाणी आरशासारखं. साठला तसंच. मी "नाही" म्हणाले. ते म्हणाले, "हं."

परत आल्यावर त्यांनी तो ग्लास फळीवरून उचलला, दोन्ही हातांनी धरून, पावलं मोजून टाकावीत तसे घरात गेले. मी दारात थांबले.

"ऐकलंस का," ते म्हणाले. "साठला. रिकाम्या गाडीत. थेंब नाही सांडला."

आक्का पलंगावर पडली होती. तिनं ग्लासाकडं बघितलं. उशाखालून दुखण्याची गोळी काढली, तोंडात टाकली, ग्लास घेतला आणि सगळं पाणी प्यायली. रिकामा ग्लास त्यांच्या हातात दिला. मग कुशीवर वळली, भिंतीकडं, स्वतःची स्वतः, दात आवळून.

काका ग्लास घेऊन उभे राहिले. मग त्यांनी तो खाली ठेवला, डावा तळवा पलंगाच्या लोखंडी दांड्यावर टेकवला आणि डोळे मिटले. आक्काची पाठ मला दिसत होती, ती हलत नव्हती. आवाजही नव्हता. पण काकांनी हात काढला नाही. मी जिना चढून वर गेले तरी तो तिथंच होता.